कीटकाच्या जनुकांवर अंमल कुणाचा?
सहजीवी जीवाणू आणि यजमान कीटकांचे जनुकनियमन : एक आढावा

रायपूर हे धानाच्या मुलखातले शहर असल्यामुळे कीटकांचा विषय येथे कुणाला परका वाटत नाही. बांधीतल्या उभ्या धानावर येणारा माहू आणि गंगई, कोठीतल्या तांदळात होणारा सोंडकिडा, कोरबा-चांपा भागात कोसा देणारा रेशीमकिडा, कुसुम-पळसाच्या फांद्यांवर पोसली जाणारी लाख आणि बस्तरच्या जंगलपट्ट्यात हिवताप पसरवणारे डास, या सर्वांशी या प्रांताच्या शेतीचा, व्यापाराचा आणि आरोग्याचा निकटचा संबंध आहे. यांपैकी बहुतेकांच्या शरीरात, आणि काहींच्या तर पेशींच्याही आत, जीवाणूंची वस्ती असते, व ती पुष्कळदा आईकडून अंड्यावाटे पुढच्या पिढीस मिळते. हे जीवाणू यजमानाच्या अन्नातील उणीव भरून काढतात ही गोष्ट जुनी आणि सर्वमान्य आहे. परंतु ते यजमानाची जनुके केव्हा जागी व्हावीत आणि केव्हा स्वस्थ राहावीत याही कारभारात हात घालतात काय, आणि घालत असल्यास कोणत्या मार्गाने, हा प्रश्न गेल्या दोन-तीन दशकांत पुढे आला असून त्यावर आजमितीस जमा झालेला पुरावा सारख्या तोलाचा नाही. काही ठिकाणी तो निर्विवाद आहे, काही ठिकाणी परस्परविरोधी आहे, आणि ज्या कीटकांशी आपला रोजचा व्यवहार आहे त्यांच्याविषयी बराचसा अपुरा आहे. ही तिन्ही प्रकारची स्थिती क्रमाने मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

सूक्ष्मदर्शकाखाली कीटकांच्या पेशींत जीवाणूसारखे कण दिसतात ही नोंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रीड्रिख ब्लॉखमान यांनी झुरळाच्या अभ्यासातून केली. पुढे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पाउल बुख्नर यांनी या एकाच विषयाला आपले सारे आयुष्य वाहिले आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बृहद्ग्रंथात शेकडो कीटकांतील अशा वस्त्यांचे वर्णन एकत्र आले. आपल्याकडे लाखेच्या किड्यातील सहजीवी सूक्ष्मजंतूंवर एस. महदीहसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लेखन केले होते, याची आठवण लाख पिकवणाऱ्या या प्रांतात तरी ठेवावयास हवी. मात्र यांतील पुष्कळसे जीवाणू यजमानाबाहेर, काचपात्रात वाढवता येत नसत; त्यामुळे त्यांचे अस्तित्व आणि त्यांची जागा यांपलीकडे फारसे काही सांगणे त्या पिढीच्या हाती नव्हते.

दुसरा धागा डासांचा आहे. १९२४ साली हर्टिग आणि वोल्बाक यांना क्युलेक्स डासाच्या जननेंद्रियांत एक पेशीनिवासी जीवाणू आढळला व १९३६ साली हर्टिग यांनी त्याला वोल्बाकिया हे नाव दिले. पण तो काय करतो याचा उलगडा पुढील पस्तीस वर्षे झाला नाही. दरम्यान निरनिराळ्या प्रदेशांतील एकाच जातीचे डास एकत्र केले असता त्यांची अंडी फुटत नाहीत असे जर्मन संशोधक हान्स लावेन यांच्या निदर्शनास आले आणि त्याचा उपयोग करून त्यांनी रंगूनजवळच्या ओक्पो या खेड्यात परकीय वाणाचे नर सोडून डासांची संख्या नामशेष केल्याचे १९६७ मध्ये जाहीर केले. त्यांनी त्या दोषाचे मूळ पेशीद्रवात आहे एवढेच म्हटले होते; ते मूळ म्हणजे वोल्बाकियाच, हे येन आणि बार यांनी १९७१ साली दाखवले. याच तत्त्वावर जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचे एक संयुक्त पथक दिल्लीत काम करीत होते. संसदेच्या लोकलेखा समितीच्या आक्षेपांनंतर ते १९७५ मध्ये बंद पडले. त्या प्रकरणाचे राजकारण येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की जीवाणू यजमानाच्या प्रजननात ढवळाढवळ करतो हे कळल्यावरही, त्याचा हात नेमका कोणत्या रेणूवर पडतो हे कळण्यास आणखी सेहेचाळीस वर्षे जावी लागली.

प्रश्नाची फोड

जनुकनियमन म्हणजे काय याची उजळणी येथे केली पाहिजे. कीटकाच्या प्रत्येक पेशीजवळ जनुकांचे संपूर्ण दप्तर असते. परंतु त्यातला कोणता रुमाल केव्हा सोडावयाचा आणि कोणता बांधूनच ठेवावयाचा, हे ठरवणारी एक निराळी यंत्रणा असते, आणि अंडाशयाची पेशी व पंखाची पेशी यांतील भेद या यंत्रणेमुळे पडतो. नियमन करणारी प्रथिने, डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिने, डीएनएवर चिकटवले जाणारे मिथिल गट आणि संदेश मध्येच अडवणारे मायक्रोआरएनए हे या यंत्रणेचे प्रमुख घटक होत.

आता सहजीवी जीवाणूचा जनुकनियमनावर परिणाम होतो असे जेव्हा एखाद्या निबंधात म्हटलेले असते, तेव्हा त्यातून तीन निरनिराळे अर्थ निघू शकतात आणि वादाचा निम्मा गुंता हे अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे झाला आहे, असे माझे मत आहे. पहिला अर्थ असा की जीवाणू स्वतः एखादा रेणू तयार करून तो यजमानाच्या नियमनयंत्रणेत घुसवतो. दुसरा असा की जीवाणूने पुरवलेले अन्नद्रव्य किंवा त्याच्या भित्तिकेचे तुकडे यजमानाला जाणवतात आणि त्यानुसार यजमानाची जनुके आपली चाल बदलतात. तिसरा अर्थ असा की यजमानाने उत्क्रांतीच्या ओघात, जीवाणूला सांभाळण्यासाठी आणि आवरण्यासाठी, स्वतःच्याच जनुकांची एक कायमची तजवीज करून ठेवली आहे. पहिल्यात अखत्यार जीवाणूचा, तिसऱ्यात यजमानाचा. आणि दुसऱ्यात तो कुणाचा म्हणावयाचा हे ज्याच्या त्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे.

यजमानाचा बंदोबस्त : सोंडकिडा आणि मावा

तिसऱ्या अर्थाचा सर्वांत परिपूर्ण दाखला आपल्या प्रत्येकाच्या कोठीत सापडणाऱ्या सोंडकिड्याचा, म्हणजे सिटोफायलस ओरायझीचा आहे, आणि म्हणून तो जरा सविस्तर देतो. मादी आपल्या सोंडेने तांदळाच्या दाण्यात भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट द्रवाने ते भोक बुजवते; अळीपासून प्रौढावस्थेपर्यंतचा सारा काळ त्या एका दाण्याच्या आत जातो. तांदूळ हा पिष्टाने भरलेला असला तरी काही जीवनसत्त्वे आणि विशेषतः टायरोसिन, फेनिलअॅलॅनिन ही द्रव्ये त्यात तुटपुंजी असतात, आणि किड्याचे काळपट कठीण कवच घडण्यास तर हीच द्रव्ये लागतात. ती उणीव सोडालिस नावाचा जीवाणू भरून काढतो. तो अळीच्या आतड्यालगत एका खास अवयवात राहतो आणि त्या अवयवाच्या पेशी त्याने गच्च भरलेल्या असतात.

फ्रान्समधील लियाँ येथील संशोधकांनी या अवयवातील जनुकांची तपासणी केली, तेव्हा असे आढळले की बाहेरून रोगजंतू शिरला असता किड्याचे संपूर्ण प्रतिकारखाते जागे होते, पण सोडालिसच्या वस्तीत मात्र त्यातले जवळजवळ एकच जनुक, कोलिऑप्टेरिसिन-ए या प्रथिनाचे, सतत चालू ठेवलेले असते. हे प्रथिन जीवाणूला मारीत नाही. त्याचे विभाजन रोखते, त्यामुळे जीवाणू लांबच लांब वाढतो आणि पेशीतून बाहेर पडू शकत नाही. २०११ साली या जनुकाचा आवाज बंद करून पाहिला असता जीवाणू आपला अवयव सोडून शरीरभर पसरले. म्हणजे शत्रूला मारण्यासाठी असलेल्या शस्त्रातले एकच पाते निवडून त्याचा उपयोग पाहुण्याला जागेवर ठेवण्यासाठी करण्याची व्यवस्था यजमानाच्या नियमनात रुजलेली आहे. याच गटाने पुढे असेही दाखवले की जीवाणूच्या भित्तिकेचे जे तुकडे गळतात ते वस्तीतच तोडून टाकणारे एक प्रथिन यजमान बनवतो, आणि ते नसेल तर त्या तुकड्यांमुळे शरीरभर प्रतिकाराची आग विनाकारण धुमसत राहते.

त्याहून लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. कोषातून किडा प्रौढ होऊन निघाला की पहिल्या काही दिवसांत आतड्यातील जीवाणूंची संख्या झपाट्याने वाढते, कवच घट्ट होण्यास लागणारा पुरवठा होतो, आणि कवच पुरे झाले की यजमान आपल्याच पेशींना मरण्याचा आणि आपलेच द्रव्य पचवून टाकण्याचा आदेश देऊन त्या जीवाणूंचा निकाल लावतो. अंडाशयातील जीवाणू तेवढे राखून ठेवले जातात. गरज सरताच पुरवठादाराची नेमणूक रद्द करणारा हा कारभार २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात जनुकांची चाल व जीवाणूंची संख्या यांचा कालक्रम इतका जुळतो की नियमनाची सूत्रे यजमानाच्या हाती आहेत याविषयी शंका घेण्यास फार जागा उरत नाही. ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी की सोडालिस आणि सोंडकिडा यांचा संबंध तीस हजार वर्षांहून अलीकडचा मानला जातो.

याच्या उलट मावा आणि त्याच्या पेशींत राहणारा बुक्नेरा हा जीवाणू यांचा संबंध दहा कोटी वर्षांहून जुना आहे. एवढ्या काळात बुक्नेराने आपला जनुकसंच सुमारे ६,४०,००० अक्षरांपर्यंत कमी करून टाकला. नियमन करणारी त्याची स्वतःची जनुके तर जवळजवळ संपुष्टातच आली. २००० साली बुक्नेराचा व २०१० साली वाटाण्यावरील माव्याचा जनुकसंच वाचला गेल्यानंतर असे दिसले की काही अमिनो आम्ले तयार करण्याच्या साखळीतील अर्धे दुवे जीवाणूकडे आणि अर्धे माव्याकडे आहेत, व माव्याकडील दुव्यांची जनुके जीवाणूधारी पेशींतच विशेष जोराने चालतात. या पेशी घडवताना मावा अवयवरचनेतील जुनी नियामक जनुके नव्या कामास लावतो हेही २००३ पासून माहीत आहे. पुढे याच पेशींत मिथिलीकरणाचे आणि मायक्रोआरएनएचे निराळे नमुने सापडले. ते नमुने कारण आहेत की केवळ पेशीचा प्रकार निराळा असल्याची खूण आहेत, हे मात्र ठरलेले नाही.

जीवाणूचा हस्तक्षेप : नरांचा नाश आणि वांझ संकर

पहिल्या अर्थाचे, म्हणजे जीवाणूच्या थेट हस्तक्षेपाचे, सर्वांत स्पष्ट पुरावे नरहत्येच्या प्रकरणांतून आले आहेत. काही कीटकांत आईकडून आलेला जीवाणू नर भ्रूणांना मारून टाकतो. त्याचा स्वतःचा वारसा माद्यांमार्फत चालत असल्याने नरांच्या मरणाने त्याचे काही जात नाही, उलट बहिणींना अन्न अधिक मिळते. हे तो कसे साधतो हे कळण्यासाठी मात्रासंतुलन नावाची व्यवस्था लक्षात घ्यावी लागते. नर आणि मादी यांच्याजवळ लिंगगुणसूत्रांच्या प्रती असमान असतात, आणि त्या असमानतेमुळे जनुकांचे उत्पादन बिघडू नये म्हणून एका लिंगात संपूर्ण गुणसूत्राची गती वाढवावी किंवा कमी करावी लागते. फळमाशीत नराच्या एकाच एक्स गुणसूत्राची गती वाढवली जाते; पतंगवर्गात नराजवळच्या दोन झेड गुणसूत्रांची गती मंदावली जाते.

२०१८ साली फळमाशीतील स्पायरोप्लाझ्मा जीवाणूचे स्पेड नावाचे प्रथिन ओळखले गेले. ते नर भ्रूणात बरोबर त्या गती वाढवलेल्या एक्स गुणसूत्रावर जाऊन बसते आणि पेशी मरतात. २०२२ साली जपानी संशोधकांनी मक्याच्या खोडकिड्यातील वोल्बाकियाचे ऑस्कर हे प्रथिन शोधले; ते पतंगाच्या मॅस्क नावाच्या नियामक प्रथिनाला जाऊन चिकटते, मॅस्क नष्ट होते, नराची झेड गुणसूत्रे मोकाट चालू राहतात आणि नर मरतो. अगदी निराळ्या कुळांतील दोन जीवाणूंनी, निराळ्या कीटकांत, यजमानाच्या नियमनातील एकाच व्यवस्थेवर घाव घालावा, हा योगायोग मला या साऱ्या क्षेत्रातील सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. कारण संपूर्ण गुणसूत्राची गती ठरवणारी यंत्रणा हाच नर आणि मादी यांतील एक खात्रीचा रासायनिक भेद आहे. मक्याच्या खोडकिड्याच्या अशा वाणात प्रतिजैविक देऊन वोल्बाकिया काढून टाकला तर उलट माद्या मरतात आणि नरच उरतात, यावरून मादी घडवण्याचे काम यजमानाने पुष्कळ काळापूर्वीच जीवाणूकडे सोपवले असावे असे अनुमान निघते.

वांझ संकराचा मामला यापेक्षा वादग्रस्त आहे. वोल्बाकिया असलेला नर व नसलेली मादी यांची अंडी मरतात, पण मादीतही तोच जीवाणू असेल तर ती वाचतात. याला जबाबदार असलेली दोन शेजारी जनुके २०१७ साली दोन निरनिराळ्या गटांनी एकाच सुमारास प्रसिद्ध केली. त्यानंतर दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की नराच्या शुक्राणूबरोबर एक विषारी प्रथिन अंड्यात जाते आणि मादीतील जीवाणू त्याचा उतारा पुरवतो. २०२२ साली ते प्रथिन शुक्राणूतून अंड्यात पोचताना दिसल्यामुळे या पक्षाला बळ आले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की विष प्रवास करीत नाही. शुक्राणू तयार होत असतानाच जीवाणूची प्रथिने पित्याच्या डीएनएभोवतीचे वेष्टण, म्हणजे हिस्टोन जाऊन प्रोटामिन येण्याची क्रिया, बिघडवतात, आणि तो बिघाड अंड्यात दुरुस्त व्हावा लागतो. याच काळातील फळमाशीच्या शुक्राणूंच्या परीक्षणात तसा बिघाड आढळला आहे. पहिला पक्ष खरा ठरला तर हा प्रकार जनुकनियमनाचा म्हणता येणार नाही. दुसरा ठरला तर तो त्याच्या गाभ्याशी येतो. दोन्ही गोष्टी कमी-अधिक प्रमाणात एकाच वेळी घडत असतील, ही शक्यताही अभ्यासकांनी सोडलेली नाही.

मायक्रोआरएनए आणि मिथिलीकरण : परस्परविरोधी साक्षी

डेंग्यूच्या डासात, एडिस इजिप्तीमध्ये, वोल्बाकिया निसर्गतः नसतो. तो फळमाशीतून काढून डासात बसवला गेला आणि त्यामुळे डासात डेंग्यूचा विषाणू वाढत नाही असे २००९ मध्ये दिसून आले. इंडोनेशियातील योग्यकर्ता येथे असे डास सोडल्यावर डेंग्यूच्या रुग्णांत ७७ टक्के घट झाली, आणि पुद्दुचेरीच्या रोगवाहक-नियंत्रण संशोधन केंद्रानेही भारतीय डासांचे असे वाण २०२२ पर्यंत सिद्ध केले. उपयोग सिद्ध झाला. पण विषाणू का अडतो, हा प्रश्न अजून खुला आहे, आणि नियमनाचा वाद येथेच सर्वांत दाट आहे.

ऑस्ट्रेलियातील असगरी यांच्या गटाने २०११ साली दाखवले की वोल्बाकियामुळे डासात मिआर-२९४० हा एक मायक्रोआरएनए वाढतो व तो अडवला तर जीवाणूचीच संख्या घटते. २०१३ साली त्यांनी असेही मांडले की हाच मायक्रोआरएनए डीएनएमटी-२ नावाच्या मिथिलीकरण करणाऱ्या प्रथिनाला दाबतो आणि त्यामुळे डेंग्यूला अटकाव होतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने वोल्बाकियामुळे डासाच्या डीएनएवरील मिथिल खुणांचा नमुना बदलतो असे नोंदवले. तथापि माशी व डास यांच्या कुळात डीएनएवर मिथिल गट बसवणारी मुख्य प्रथिने मुळातच नाहीत. उरलेले डीएनएमटी-२ हे प्रायः आरएनएवर काम करते. शिवाय फळमाशीत २०१७ साली अगदी उलट निष्कर्ष निघाला : तेथे वोल्बाकिया हेच प्रथिन वाढवतो आणि त्या वाढीमुळे विषाणू अडतो. डासात घट, माशीत वाढ, आणि परिणाम मात्र एकच, ही विसंगती यजमानांतील व विषाणूंतील फरकामुळे आहे, की यांपैकी एखादा दुवा कारण नसून परिणाम आहे, याचा निर्णय झालेला नाही. वोल्बाकियाचे स्वतःचे छोटे आरएनए डासाच्या पेशीत जाऊन त्याची जनुके हलवतात असेही २०१४ साली मांडले गेले, पण इतर यजमानांत त्याची पडताळणी झाल्यावाचून तो सर्वसाधारण नियम मानता येणार नाही.

याला समांतर असा प्रतिकारशक्तीचा पक्ष आहे. वोल्बाकिया डासाची टोल नावाची प्रतिकारसाखळी चालू करतो व म्हणून डेंग्यू अडतो, असे २०१२ साली मांडले गेले. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले की ज्या फळमाशीत वोल्बाकिया निसर्गतः असतो तिच्यात प्रतिकाराची जनुके जागी झालेली नसतानाही विषाणू अडतो. नव्या यजमानात जीवाणू परका म्हणून ओळखला जातो आणि जुन्यात तो घरचा झालेला असतो, असा मेळ यातून घालता येतो. म्हणजे प्रतिकाराची जागृती मदत करते, पण ती अपरिहार्य नाही.

आतड्यातील जीवाणू

दुसऱ्या अर्थाचे दाखले प्रामुख्याने आतड्यातल्या जीवाणूंचे आहेत. २०११ साली फळमाशीच्या अळीत अॅसिटोबॅक्टर इन्शुलिनची साखळी आणि लॅक्टोबॅसिलस टीओआर ही वाढीची साखळी चालवतो असे दोन निबंधांतून दिसले, आणि दोन्ही ठिकाणी परिणामाची सुरुवात जीवाणूच्या चयापचयातून होते. त्सेत्से माशीत तर विगल्सवर्थिया हा तिचा सहजीवी जीवाणू नसताना वाढलेल्या अळीच्या रक्तपेशीच नीट घडत नाहीत. त्याचा दुवा वासाच्या रेणूंना धरणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकापर्यंत २०१७ साली पोचवला गेला. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील शौचे व पाटोळे यांच्या गटाने २००४ साली क्युलेक्स डासाच्या आतड्यातील जीवाणूंची वाढवता येणारी आणि न येणारी अशी दोन्ही शिरगणती केली होती. कोण राहतो हे कळल्यावाचून कोण काय करतो हे विचारताच येत नाही, त्यामुळे अशा शिरगणतीचे मोल कमी लेखू नये; मात्र तीवरून नियमनाचा निष्कर्ष काढता येत नाही.

पद्धतीविषयीचे आक्षेप

या क्षेत्रातील पुष्कळसे निष्कर्ष एकाच रीतीने निघालेले आहेत : टेट्रासायक्लिनसारखे प्रतिजैविक देऊन जीवाणू काढावयाचा आणि आधीच्या व नंतरच्या कीटकांतील जनुकांची चाल ताडून पाहावयाची. यावर तीन आक्षेप वारंवार घेतले जातात आणि तिन्ही मला सयुक्तिक वाटतात. एक, टेट्रासायक्लिन पेशीतील मायटोकाँड्रियाच्या प्रथिननिर्मितीवरही आघात करते. फळमाशीत हा परिणाम औषध थांबवल्यानंतर दोन पिढ्यांपर्यंत टिकलेला आढळला आहे. दोन, जीवाणू गेलेला कीटक हळू वाढतो, त्यामुळे एकाच दिवशी तपासलेले दोन कीटक वस्तुतः निरनिराळ्या वयाचे असतात. तीन, संपूर्ण कीटक वाटून काढलेल्या आरएनएत अंडाशय लहान झाले तर अंडाशयाची सगळीच जनुके दबल्यासारखी दिसतात. सोंडकिड्यात जीवाणू काढण्यासाठी औषधाऐवजी महिनाभर ३५ अंश तपमान आणि दमट हवा वापरली जाते, व नंतर कित्येक पिढ्या जाऊ देऊन तुलना करतात. तेथील निष्कर्ष अधिक भरवशाचे वाटण्याचे हेही एक कारण आहे.

गंगई : आपल्या बांधीतला प्रश्न

ज्या माशीला भंडारा-गोंदियाकडे गादमाशी व छत्तीसगडात गंगई म्हणतात, तिची अळी धानाच्या फुटव्यात शिरून वाढबिंदूपाशी जाते, आणि तेथे पानाऐवजी पोकळ, फिकट रुपेरी पोंगा निघतो. त्या फुटव्याला लोंबी कधीच येत नाही. भारतात या माशीचे सात जैवप्रकार ओळखले गेले असून रायपूरची माशी पहिल्या प्रकारात गणली जाते : जीएम-१ आणि जीएम-२ ही धानाची दोन्ही प्रतिकारजनुके तिला रोखतात, तर इतर प्रदेशांतील बहुतेक प्रकारांनी त्यांतले एखादे किंवा दोन्ही ओलांडले आहेत. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात धानसंशोधक डॉ. रिछारिया यांच्या परिश्रमाने उभा राहिलेला, आज २३ हजारांहून अधिक वाणांचा धानसंग्रह आहे, आणि येथूनच निघालेले महामाया हे वाण गंगईला दाद देत नाही.

या माशीत वोल्बाकिया आहे हे २००१ साली बेहुरा, नायर आणि सहकाऱ्यांनी नोंदवले : माद्यांत तो सर्वत्र आढळला, नरांत मात्र त्याचे प्रमाण प्रदेशागणिक निराळे होते. २०१७ साली नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्राच्या संशोधकांनी हैदराबादच्या भातसंशोधकांच्या साहाय्याने तिच्या जीवाणूंची सविस्तर गणती प्रसिद्ध केली. प्रतिकारक आणि बळी पडणाऱ्या धानावर वाढलेल्या अळ्यांतील जीवाणूंत लक्षणीय भेद निघाला. काही जीवाणूकुळे माशी व धान या दोहोंत सामाईक निघाली. आणि टेट्रासायक्लिनने वोल्बाकिया अंशतः कमी केला असता माश्या निघण्याचा क्रम आणि नर-मादींचे प्रमाण दोन्ही बदलली.

हा शेवटचा निष्कर्ष आपल्या विषयाच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो. लिंगप्रमाण बदलले म्हणजे जीवाणूने लिंगनियमनात हात घातला, असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु गादमाश्यांच्या कुळात लिंग ठरण्याची रीतच विलक्षण आहे. भ्रूणावस्थेत काही गुणसूत्रे टाकून दिली जातात, हेसियन माशीत तर किती टाकावयाची हे आईच्या जनुकांवरून ठरते, आणि पुष्कळ जातींत एका मादीची बहुतेक संतती एकाच लिंगाची निघते. अशा यजमानात वोल्बाकिया आईच्या त्या निर्णयावर परिणाम करतो, की एका लिंगाच्या भ्रूणांना मारतो, की औषधामुळे अशक्त झालेल्या अळ्यांतून एक लिंग अधिक गळते, हे तीन पर्याय अंशतः जीवाणूमुक्त केलेल्या माश्यांवरून वेगळे करता येत नाहीत. त्याचप्रमाणे प्रतिकारक धानावर जीवाणू बदलले म्हणून अळी मरते, की मरू घातलेल्या अळीत जीवाणू बदलतात, हेही उलगडावयाचे आहे. धानाच्या प्रतिकाराचा भंग करण्यात माशीच्या स्वतःच्या जनुकांचा वाटा मोठा आहे असे मानणारा पक्ष आजवरच्या पुराव्यात प्रबळ आहे. जीवाणूंचा वाटा असावा हे अनुमान वाजवी आहे, पण ते अद्याप अनुमान आहे.

अनिर्णित राहिलेल्या गोष्टी

काही प्रश्न सर्वच यजमानांना लागू आहेत. जीवाणूमुळे बदललेली जनुकांची चाल, जीवाणू निघून गेल्यावरही पुढच्या पिढीत टिकते काय? मधमाशीच्या आतड्यातील जीवाणूत फेरफार करून, त्याच्याकरवी माशीचे ठरावीक जनुक दाबणारा आरएनए तयार करवून घेता येतो, हे २०२० साली प्रत्यक्ष घडले. तेव्हा जीवाणूकडून यजमानाकडे असा संदेश जाऊ शकतो यात आता वाद नाही. पण निसर्गात, माणसाचा हात न लागता, असे संदेश किती जातात?

तपमानाचा मुद्दा मात्र मला या सर्वांहून निकडीचा वाटतो, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग पंचवीस अंशांच्या आसपास स्थिर ठेवलेल्या खोल्यांत झाले आहेत. फळमाशीकडून घेतलेला वोल्बाकियाचा एक वाण, दिवसाचे तपमान ३७ अंशांपर्यंत चढू दिले असता, डासात फार घटतो आणि वांझ संकर घडवण्याची त्याची क्षमताही ढासळते, तर दुसरा एक वाण त्या मानाने तग धरतो, असे २०१७ साली दिसून आले. पुद्दुचेरीच्या केंद्राने दोन्ही वाणांवर काम केले आहे. रायपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो, आणि जूनच्या मध्यास त्या उष्णतेवर दमटपणाची भर पडते. सोंडकिड्यातून सोडालिस काढून टाकण्यासाठी प्रयोगशाळेत जी हवा मुद्दाम तयार करतात, तिच्या जवळपासची हवा येथे काही आठवडे आपसूक असते. धानाच्या गोदामांतील किड्यांत त्या दिवसांत किती जीवाणू उरतात, त्यांच्या कवचाची जाडी किती भरते, आणि कोलिऑप्टेरिसिनचे जनुक तेव्हाही पूर्वीसारखेच चालू असते की आवरण्याजोगे कुणी न उरल्यामुळे मंदावते, याची मोजदाद करण्यास गोदामातील मूठभर तांदूळ, ऋतुमानानुसार घेतलेले नमुने आणि आजकाल कोणत्याही विद्यापीठीय प्रयोगशाळेत असणारी साधने पुरेशी आहेत.